कोकणातल्या छोट्या मंडळ्यांचे पाळक: मंडळी चालवण्याबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

रायगड, रत्नागिरी, सिंधुदुर्गातल्या ख्रिस्ती मंडळ्यांचे (म्हणजे गावोगावच्या चर्चचे) पाळक एकत्र जमले की उपदेशावर कमी आणि कमिटी, पैसे, भांडणं, रिकामे बाक यावरच जास्त बोलणं होतं. बायबल कॉलेजात ग्रीक शिकवतात पण मिटिंग कशी घ्यायची ते कोणी शिकवत नाही, त्यामुळे दरवेळी येणारे प्रश्न इथे एकत्र लिहिलेत. मुख्यतः प्रॉटेस्टंट मंडळ्या डोळ्यासमोर आहेत, पण पॅरिश सांभाळणाऱ्या फादरनाही बरंचसं लागू पडेल.

नवीन मंडळीत आलोय, सुरुवातीला काय बदलू?

काहीच नाही. निदान पहिला पावसाळा जाऊ द्या. उपासना साडेनऊलाच का, बाक असेच का लावलेत, वार्षिक सण अमुक रविवारीच का, या सगळ्याला कारण असतं आणि ते बहुतेक वेळा एसटीच्या टायमिंगमध्ये नाहीतर भरती-ओहोटीत सापडतं. वेळ बदलली आणि खाडीपलीकडच्या तीन घरांची होडी चुकली, तर ती घरं तुम्हाला काही बोलणार नाहीत, फक्त यायची बंद होतील.

त्याऐवजी घरं फिरा. प्रत्येक घरी एकदा नुसतंच जा, वर्गणीचा विषय न काढता, पडवीत बसून ऐकायचं. कोण आजारी आहे, कोणाचा मुलगा बोटीवर आहे, कोणाचं कोणाशी बोलणं नाही, हे रजिस्टरमध्ये सापडत नाही. आणि रजिस्टरं मात्र पहिल्याच आठवड्यात ताब्यात घ्या: बाप्तिस्मा, लग्न, दफन, सभासद यादी, मिटिंगचं प्रोसिडिंग बुक. कोकणात मिशनचं काम खूप जुनं आहे, बाणकोट-हर्णैच्या भागात स्कॉटिश मिशनरी 1823 मध्ये आले होते, त्यामुळे काही ठिकाणी कपाटात आजोबा-पणजोबांच्या काळातली वह्या-कागद वाळवी खात पडलेले असतात. त्यांचे मोबाईलवर फोटो काढून दोन जणांकडे ठेवा. आपल्याकडच्या दमट हवेत कागद टिकत नाही आणि नंतर कोणाला जन्माचा पुरावा लागला की सगळे पाळकाकडेच येतात.

सगळं मलाच करावं लागतं. दुसऱ्याला सांगितलं की नीट होत नाही. मग काय करायचं?

हा प्रश्न सगळ्यात जास्त विचारला जातो आणि माझ्या मते बाकीचे अर्धे प्रश्न यातूनच निघतात.

आधी शास्त्र, म्हणजे बायबल बघा. निर्गमच्या 18 व्या अध्यायात मोशे सकाळपासून संध्याकाळपर्यंत एकटाच न्याय करत बसलाय आणि त्याचा सासरा इथ्रो त्याला स्पष्ट सांगतो की हे बरं नाही, तू पण थकशील आणि लोक पण थकतील. लोक पण, हे महत्त्वाचं. एकट्याने सगळं केलं की आपल्याला वाटतं त्याग चाललाय, पण लोक ताटकळत असतात आणि त्यांच्यातले गुण तसेच पडून राहतात. प्रेषितांची कृत्ये 6 मध्ये पण तेच, विधवांच्या रोजच्या वाटपावरून कुरकुर झाली तेव्हा प्रेषितांनी वाटप स्वतःच्या अंगावर घेतलं नाही, लोकांना सात माणसं निवडायला सांगितली आणि त्यांच्यावर हात ठेवून काम सोपवलं. तक्रार ग्रीक भाषा बोलणाऱ्या यहुद्यांची होती आणि निवडलेल्या सातही जणांची नावं ग्रीक आहेत, म्हणजे ज्यांची तक्रार त्यांच्याच हातात काम गेलेलं दिसतं. किती मोठ्या मनाचा निर्णय आहे हा.

आता प्रत्यक्षात. काम देताना अर्धवट देऊ नका. "जरा नाताळच्या कार्यक्रमाचं बघा" म्हणजे काहीच दिलं नाही. एका माणसाला सांगा की 25 तारखेचं जेवण तुमच्याकडे, बजेट एवढं, मेनू तुम्ही ठरवा, मदतीला कोण हवं ते तुम्हीच विचारा, 20 तारखेला मला फक्त एक फोन करा. मग मध्ये पडू नका. वड्यांऐवजी त्यांनी पुरी ठरवली तर पुरी होऊ दे. तुम्ही ऐनवेळी बदललंत की तो माणूस पुढच्या वर्षी हात वर करणार नाही, आणि मग आपणच म्हणतो की कोणी पुढे येत नाही.

सुरुवात लहान कामांपासून करा: देवळाच्या (म्हणजे चर्चच्या) चाव्या, माईक, आजाऱ्यांची यादी, प्रभुभोजनाच्या टेबलाची तयारी, लाइट बिल. ही पाचही कामं पाळकाकडे असतील तर ती याच महिन्यात पाच जणांकडे जायला हवीत. नंतर मोठी द्या. वर्षातून चार-पाच रविवार तरी मंडळीतल्याच कोणाला तरी संदेश देऊ दे, आधी घरी बसवून तयारी करून घ्या. तुम्ही आठवडाभर आजारी पडलात आणि रविवारी उपासना वेळेवर सुरू झाली, तर समजा तुमचं नेतृत्व चांगलं चाललंय.

आंब्याच्या सीझनला बाक रिकामे असतात. कडक बोलू का?

नको. एप्रिल-मेमध्ये ज्याची कलमं आहेत तो पहाटेपासून बागेत असतो, काढणी, पेट्या भरणं, रात्री गाडी लोड करणं, आणि वर्षभराचे पैसे त्या दोन महिन्यांत येतात. व्यासपीठावरून टोमणा मारलात तर तो माणूस नाही ऐकणार, त्याची म्हातारी आई ऐकेल आणि घरी जाऊन रडेल. त्यापेक्षा तुम्हीच बागेत जा, पेट्या भरताना दहा मिनिटं प्रार्थना करा आणि जमलं तर संध्याकाळची छोटी उपासना ठेवा. दर्यावर जाणाऱ्यांचं उलटं आहे. पश्चिम किनाऱ्यावर 1 जून ते 31 जुलै यांत्रिक बोटींना मासेमारी बंद असते, तेव्हा माणसं घरी असतात, हात मोकळे असतात, पण खिसाही मोकळाच असतो. बायबल क्लास, संगीताची तालीम, देवळाची किरकोळ दुरुस्ती यासाठी हे दोन महिने सोन्यासारखे आहेत. वर्गणीचा तगादा मात्र तेव्हा लावू नका.

पैशाचा हिशोब कसा ठेवायचा? आमच्याकडे आतापर्यंत पाळकच ठेवत आलेत.

ते आजच बंद करा. तुम्ही कितीही प्रामाणिक असा. पाळकाने दानाच्या पैशाला एकट्याने हात लावायचा नाही, हा नियम पाळकावर संशय म्हणून नाही तर त्याच्या रक्षणासाठी आहे. प्रेषित पौल यरुशलेमसाठी मदत गोळा करत होता तेव्हा त्याने ती एकट्याने नेली नाही, सोबत मंडळ्यांनी निवडलेली माणसं घेतली, आणि कारणही लिहून ठेवलंय, की नुसतं देवासमोर नाही तर माणसांसमोरही नीट दिसलं पाहिजे. बायबलमधलं 2 करिंथ 8 वाचून दाखवा कमिटीला.

करायचं असं. दान उपासना संपल्यावर तिथेच, दोन जणांनी मोजायचं, एकाच घरातले दोघे नकोत. आकडा वहीत लिहून दोघांच्या सह्या. पैसे सोमवारी बँकेत, आणि खर्च त्या दानातून परस्पर करायचा नाही, आधी जमा मग खर्च. प्रत्येक देणगीला पावती, अगदी शंभर रुपयांनाही. महिन्याचा जमाखर्च एका पानावर करून नोटीस बोर्डावर लावा आणि पहिल्या रविवारी वाचून दाखवा, पाच मिनिटं लागतात. ज्या मंडळीत हे होतं तिथे कुजबुज आपोआप कमी होते, आणि दान बहुतेक वाढतंच, कारण लोकांना द्यायचं असतं, फक्त कुठे जातं ते कळायला हवं असतं.

आता क्यूआर कोड. बऱ्याच ठिकाणी पाळकाच्या स्वतःच्या मोबाईल नंबरचा कोड देवळात चिकटवलेला दिसतो. तो काढा. खातं मंडळीच्या किंवा ट्रस्टच्या नावाचं हवं, त्यावर दोन सह्या हव्यात, आणि कोड त्याच खात्याचा हवा. तुमच्या खात्यात मंडळीचे पैसे आले की ते तुमचं उत्पन्न नाही हे उद्या तुम्हालाच सिद्ध करत बसावं लागेल.

ट्रस्ट नोंदलेला असेल तर महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायदा 1950 लागू होतो, दरवर्षी हिशोब तपासून धर्मादाय कार्यालयात द्यावे लागतात आणि विश्वस्त बदलले की 90 दिवसांच्या आत चेंज रिपोर्ट द्यायचा असतो. हा चेंज रिपोर्ट राहून जातो हो, वर्षानुवर्षं. कागदावर वारलेली माणसं विश्वस्त असतात आणि मग एखादं काम अडलं की धावपळ. आणि परदेशातून कोणी मदत देतो म्हणाला तर एफसीआरए (परदेशी देणग्यांच्या कायद्याखालच्या) नोंदणीशिवाय एक रुपयाही घेऊ नका, नोंदणी असेल तरी ते पैसे स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेतल्या खात्यातच यावे लागतात. ओळखीचा पाहुणा असला आणि भावनेने देत असला तरी नियम तोच.

देवळाच्या किंवा दफनभूमीच्या जागेचे कागद कोणाकडे असायला हवेत?

अस्सल कागद मूळ संस्थेकडे किंवा ट्रस्टकडे, आणि प्रती तुमच्या फाईलमध्ये. सातबारा किंवा प्रॉपर्टी कार्ड काढून बघा नाव कोणाचं लागलंय. जुन्या मिशनच्या जागा वेगवेगळ्या नावांवर असतात, 1970 मध्ये नागपूरला चर्च ऑफ नॉर्थ इंडिया झालं तेव्हा सहा वेगवेगळ्या चर्चसंस्था एकत्र आल्या पण तलाठ्याच्या दफ्तरात नावं आपोआप बदलत नाहीत. समुद्रकिनाऱ्याजवळच्या जागांना आता काय भाव आलाय ते सगळ्यांना माहीत आहे. कोणी गोड बोलून सही मागितली तर देऊ नका, सार्वजनिक ट्रस्टची जागा धर्मादाय आयुक्तांच्या आधी घेतलेल्या मंजुरीशिवाय विकता येत नाही आणि पाळकाला तर तो अधिकारच नाही.

मंडळीतले तरुण सगळे मुंबई-पुण्यात. मागे म्हातारी माणसं. कसं चालवायचं?

चाकरमानी हे पण तुमच्या मंडळीचेच आहेत, त्यांना पाहुणे समजू नका. मे महिना, गणपतीची सुट्टी आणि नाताळ, या तीन वेळा ते गावी येतात, तर वार्षिक सभा, लहान मुलांचे बाप्तिस्मे, देवळाच्या कामाचे निर्णय तेव्हाच घ्या. एक गोष्ट मात्र आधीच लिहून ठरवा: मत कोणाला. मुंबईहून पैसे पाठवणारा म्हणतो पत्रे घाला, गावात राहणारा म्हणतो कौलंच राहू दे, आणि दोघेही बरोबर असतात. माझं मत विचाराल तर रोजच्या कारभारात गावात राहणाऱ्यांचं चालावं, आणि जागा-बांधकामासारख्या मोठ्या गोष्टीत दोघांचं. नुसता पैसा जास्त दिला म्हणून कोणाचा आवाज मोठा होता कामा नये, याकोबाच्या पत्रात सोन्याची अंगठी घालून सभेत येणाऱ्या माणसाला गरिबापेक्षा जास्त मान देऊ नका असं जे लिहिलंय ते नेमकं याच्यासाठीच आहे.

मागे राहिलेल्या म्हाताऱ्यांसाठी एक साधी गोष्ट करा. यादी करून प्रत्येक एकट्या राहणाऱ्या माणसामागे एक शेजारी ठरवा जो रोज एकदा हाक मारेल. पावसात चार दिवस लाईट गेली की ही यादी फार उपयोगी पडते.

दोन घराण्यांचं भांडण आहे, दोघांचीही माणसं कमिटीत आहेत. मी कोणाच्या बाजूने?

कोणाच्याच घरी एकट्याने जेवायला न जाण्यापासून सुरुवात करा. गाव लहान आहे, तुमची चप्पल कोणाच्या खळ्यात किती वेळ होती ते सगळ्यांना कळतं. मत्तय 18 मध्ये क्रम दिलाय: आधी दोघांनी एकांतात बोलायचं, मग एक-दोन जणांना घेऊन, मग मंडळीपुढे. आपल्याकडे हा क्रम उलटा होतो, आधी सगळ्या गावात, मग कमिटीत, आणि ज्याच्याशी बोलायचं त्याच्याशी कधीच नाही. तुम्ही निरोप्या बनू नका. "तो तुमच्याबद्दल असं म्हणतो" हे वाक्य पाळकाच्या तोंडून कधीच निघू नये. कोणी गाऱ्हाणं घेऊन आला तर शांतपणे विचारा, त्यांच्याशी बोललात का, नसेल तर चला मी सोबत येतो.

आणि उपदेशातून भांडणाला हात घालू नका. व्यासपीठावरून तुम्ही बोलता तेव्हा समोरच्याला उत्तर देता येत नाही, तो अन्याय आहे. वाद मूळ जमिनीचा असेल, आणि कोकणात तो बहुतेक वेळा सामाईक सातबाऱ्याचाच असतो, तर जमिनीचा निकाल वकील किंवा तहसीलदार लावतील. तुम्ही फक्त एवढं बघा की माणसं एका टेबलावर प्रभुभोजन घेऊ शकतात की नाही.

मिटिंग रात्री अकरापर्यंत चालते आणि ठरत काहीच नाही.

विषय आधी लिहून पाठवा, पाचच्या वर नको. प्रार्थनेने सुरू करा पण लांबवू नका. प्रत्येक विषय संपताना मोठ्याने वाचा: काय ठरलं, कोण करणार, कधीपर्यंत. ते तिथेच प्रोसिडिंग बुकात. दीड तास झाला की उरलेलं पुढच्या वेळी.

तरुणांना गिटार-कीबोर्ड हवं, जुन्या लोकांना भजन. रोज वाद.

दोन्ही ठेवा आणि दोघांना एकमेकांचं शिकू द्या. भजन ही जुनाट गोष्ट नाही, आपल्या मंडळीचं ते वैभव आहे. नारायण वामन टिळक आपल्याच रत्नागिरी जिल्ह्यातले, करजगावात 1861 मध्ये जन्मले, 1895 मध्ये बाप्तिस्मा घेतला, आणि ख्रिस्ताची भक्ती मराठी अभंग-भजनांत गायली जावी म्हणून आयुष्य वेचलं. त्या काळात ते नवीनच होतं, लोकांना इंग्रजी चालीची सवय होती. हे तरुणांना सांगा, आणि जुन्यांनाही. मग पेटी वाजवणाऱ्या काकांना विनंती करा की दोन मुलांना शिकवा. बोलून वाद मिटला नाही तरी पेटीवर शेजारी बसून बरंच काही मिटतं.

बायकांना कमिटीत घ्यायला पंच (कमिटीचे सभासद) तयार नाहीत.

घरभेटी कोण करतं, आजाऱ्याला पेज कोण नेतं, संडे स्कूल कोण चालवतं, हे त्याच पंचांना मोजायला सांगा. तुमच्या संस्थेची घटना वाचा, बहुतेक ठिकाणी परवानगी असतेच, फक्त कोणी नाव सुचवत नाही. तुम्ही सुचवा. आणि महिला मंडळाच्या पैशावर कमिटीने हात मारायचा नाही, त्यांचा हिशोब त्या ठेवतील.

संडे स्कूल आणि कॅम्पमध्ये मुलांच्या सुरक्षिततेचं काय?

यात तडजोड अजिबात नाही. कुठलाही मोठा माणूस, पाळक धरून, एखाद्या मुलासोबत बंद खोलीत एकटा राहणार नाही. नेहमी दोन मोठी माणसं, दार उघडं. कॅम्पला मुलींसोबत बायका हव्यातच. आणि एखाद्या मुलाने काही सांगितलं तर त्याच्यावर विश्वास ठेवा, उलटतपासणी करू नका, मंडळीचं नाव खराब होईल म्हणून आपसात मिटवू नका. पॉक्सो कायदा 2012 (मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धचा) याप्रमाणे असा प्रकार कळल्यावर पोलिसांना कळवणं प्रत्येकावर बंधनकारक आहे आणि न कळवणं हाच गुन्हा आहे. चाइल्डलाइनचा नंबर 1098, तो संडे स्कूलच्या भिंतीवर मुलांना वाचता येईल असा मोठ्या अक्षरात लावा. आरोप ज्याच्यावर आहे तो तुमचा जवळचा असला, कमिटीचा चेअरमन असला, तरी त्या मुलाच्या बाजूला उभं राहायचं. मेंढपाळ म्हणवून घ्यायचं असेल तर हे करायलाच लागतं.

मी स्वतंत्र मंडळीचा पाळक आहे, लग्न लावू शकतो का?

1872 च्या भारतीय ख्रिस्ती विवाह कायद्याप्रमाणे अधिकार असेल तरच. स्वतंत्र मंडळीच्या पाळकाला लायसन्स लागतं, ते नसताना लग्न लावणं गुन्हा आहे, तोपर्यंत अधिकार असलेल्या पाळकाला बोलवा. मुलगा 21, मुलगी 18, दाखला बघितल्याशिवाय तारीख देऊ नका.

आजाऱ्यांसाठी प्रार्थना करतो, लोक औषधं बंद करू का विचारतात.

नाही. कधीही नाही. डॉक्टरने सांगितल्याशिवाय गोळी बंद करायची नाही हे प्रार्थनेनंतर लगेच, सगळ्यांसमोर सांगा. शुगर, प्रेशर, फिट, मानसिक आजार, टीबी, सगळ्यात. ख्रिस्ती मिशननी या किनाऱ्यावर प्रार्थनाघरांसोबत दवाखानेही काढले, वेंगुर्ल्याचा मिशन दवाखाना जुन्या लोकांना आठवत असेल. प्रार्थना आणि औषध आपल्या परंपरेत कधी वेगळे नव्हतेच. आणि आजाऱ्याचं नाव, आजार, रिपोर्टचा फोटो मंडळीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर त्याला न विचारता टाकू नका.

गावातल्या इतर लोकांशी संबंध कसे ठेवायचे? कधी कधी संशयाने बघतात.

काम पडल्यावर ओळख काढायला जाऊ नका. सरपंच, पोलीस पाटील, शाळेचे गुरुजी, मशिदीचे मौलाना, देवस्थानचे मानकरी, यांना नाताळच्या आधीच भेटून आमंत्रण द्या, त्यांच्याकडे सुखदुःखात जा. देऊळ कधी उघडं, आत काय चालतं, कोणीही येऊन बघावं असं असू द्या. रस्त्यावरून मिरवणूक किंवा कॅरोल असेल तर पोलिसांना लेखी कळवा आणि परवानगी घ्या, रात्री दहानंतर लाऊडस्पीकर नको. दुसऱ्याच्या देवाबद्दल वाईट शब्द ना व्यासपीठावर ना खासगीत, कारण आपलं गाव नाही तुटलं पाहिजे.

आणि संकटात सगळ्यांचे व्हा. 3 जून 2020 ला निसर्ग वादळ रायगडच्या किनाऱ्यावर आलं, 2021 च्या जुलैत चिपळूण पाण्याखाली गेलं, अशा वेळी पत्र्यांची, धान्याची यादी सभासदांच्या रजिस्टरवरून करायची नाही, वाडीवरून करायची. ग्रामपंचायतीबरोबर बसून करा. वाटताना पत्रक, प्रार्थना, फोटो काही जोडू नका. भुकेल्याला दिलेल्या तांदळाला अट नसते. मंडळीची इमारत उंचावर असेल तर आधीच कळवून ठेवा की पूर आला तर हॉल सगळ्यांना उघडा आहे, आणि चावी कोणाकडे आहे.

मीच थकलोय. कोणाला सांगू?

सांगा, नक्की सांगा. कर्मेल डोंगरावरच्या एवढ्या मोठ्या विजयानंतर एलिया संदेष्टा झाडाखाली जाऊन मरण मागत होता, तेव्हा देवाने त्याला आधी झोपू दिलं, मग भाकर आणि पाणी दिलं, आणि मग बोलला. थकणं म्हणजे विश्वास कमी असणं नव्हे. आठवड्यातला एक दिवस पूर्ण सुट्टी घ्या, सोमवार सोयीचा पडतो, आणि तो दिवस कमिटीला लिहून कळवा म्हणजे मयत-अपघात सोडून कोणी फोन करणार नाही. बाहेरच्या मंडळीतला एखादा पाळक मित्र ठेवा, ज्याच्याशी महिन्यातून एकदा मोकळं बोलता येईल. झोप लागत नसेल, रडू येत असेल, जीव नकोसा वाटत असेल तर डॉक्टरकडे जा, मानसिक आरोग्याच्या सरकारी टेलिमानस हेल्पलाइन 14416 वर मराठीत बोलता येतं.

घरच्यांचं पण बघा. पाळकबाईंना (पाळकाच्या बायकोला) मंडळीने नेमलेलं नाही, पगार दिलेला नाही, तरी त्यांच्याकडून सगळ्या अपेक्षा. मुलांना "पाळकाची पोरं असून" हे वाक्य ऐकून ऐकून देवळाचा राग येतो. कमिटीत एकदा स्पष्ट बोला. पगार वेळेवर नसेल तर तेही बोला, त्यात लाज नाही, मजूर आपल्या मजुरीस योग्य आहे असं प्रभूनेच सांगितलंय.

बदली झाली. जाताना काय करू?

शेवटच्या महिन्यात नवीन काही सुरू करू नका. जमाखर्च शेवटच्या तारखेपर्यंत पूर्ण करून दोन पंचांच्या सह्या घ्या. रजिस्टरं, चाव्या, पासबुक, जागेच्या कागदांच्या प्रती, मीटरचं रीडिंग, सगळ्याची यादी करून नव्या पाळकाच्या हातात द्या, आणि व्हॉट्सॲप ग्रुपचं ॲडमिनपदही. आजारी आणि एकट्या राहणाऱ्यांची यादी वेगळी द्या, शक्य असेल तर त्या घरांना दोघे मिळून एकदा जाऊन या. कोण चांगलं कोण वाईट हे मात्र सांगू नका, त्याला स्वतःच्या डोळ्यांनी बघू द्या. गेल्यावर वर्षभर तरी तिथल्या लग्न-मयतांना पाळक म्हणून जाऊ नका, बोलावलं तर म्हणा की तुमच्या पाळकांना विचारा, त्यांनी बोलावलं तर येतो.